जास्वंदीच्या फांद्यांना पानं फुटतात पण मुळं येत नाहीत, आईचं झाड वाचवायचंय

अंगणवेल:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आईने लावलेली एक जास्वंद आहे, पांढरी, डबल पाकळ्यांची, मधे अगदी फिकट गुलाबी झाक. झाड २५ वर्षांच्या वरचं असेल, बुंधा माझ्या मनगटापेक्षा जाड झालाय. आई गेली त्याला दोन वर्षं झाली आणि आता ते घर अडीच महिन्यांनी दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार आहे. झाड मुळासकट हलवणं शक्य नाही, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला फरशी आहे. म्हणून फांद्या लावून बघतेय.

आतापर्यंत दोनदा केलं. पहिल्यांदा ८ फांद्या, दुसऱ्यांदा १०. जाड, पेन्सिलीपेक्षा थोड्या जास्तच जाड अशा निवडल्या, कारण मला वाटलं जाड फांदीत ताकद जास्त. सगळी पानं काढून टाकली, मुळं फुटायची पावडर आणली होती ती खालच्या टोकाला चांगली जाड थापली, मग बागेतली माती आणि शेणखत अर्धंअर्धं करून त्यात लावल्या, रोज पाणी घातलं. दहा-बारा दिवसांत मस्त हिरवे कोंब आले, मी इतकी खूश झाले, दोन-दोन पानं उघडलीसुद्धा. आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं मान टाकून बसलं. उपटून बघितलं तर खाली एकही मूळ नाही! काही फांद्या खालून काळ्या, मऊ पडलेल्या, दोन-तीन टोकांना पांढरट गाठीसारखं काहीतरी होतं, बस. मूळ नव्हतं तर पानं आली कशी? आणि आता माझ्या हातात मोजून दहा आठवडे आहेत, काय करू? कुणी मध लावा म्हणतंय, कुणी कोरफड. बिया कधी धरलेल्या आठवत नाहीत या झाडाला. प्लीज नीट सांगा, हे झाड जायला नकोय.

मातीचा_वास:

अंगणवेल ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, तुमच्या हाताला यश नाही वगैरे काही नाही, जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या जास्वंदी अशाच जातात. फक्त चार गोष्टी उलट झाल्यात.

जाड पक्की काडी घेतलीत, तिथे अर्धपक्की हवी होती. म्हणजे कोवळा हिरवा लुसलुशीत शेंडा नाही आणि तपकिरी झालेलं लाकूडही नाही, मधली, वाकवली तर थोडी वाकते मग कट्कन मोडते ती. तुमचं झाड जुनं आहे म्हणून हे जास्तच महत्त्वाचं, झाड जसं वयात येतं तशी त्याच्या फांद्यांची मूळ फोडायची तयारी कमी होत जाते. बुंध्याजवळून नवे फुटवे आलेत का बघा. आले असतील तर सोनं आहे, तिथल्या फांद्या वरच्या फांद्यांपेक्षा बऱ्याचदा लवकर मुळं धरतात. नसतील तर आजच दोन-तीन फांद्या खालपर्यंत छाटा, नवे फुटवे येतील, एखादा महिना लागेल पण तुमच्याकडे तेवढा वेळ आहे.

दुसरं, पानं सगळी काढायची नाहीत. वरची दोन-तीन ठेवायची आणि मोठी असतील तर अर्धी कापायची. तिसरं, शेणखत बिलकुल नको. मूळच नाही तर खत खाणार कोण, उलट कापलेल्या तोंडाला बुरशी लागते, तुमच्या काळ्या पडलेल्या फांद्या त्यामुळेच. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं निम्मं, किंवा धुतलेली जाडसर वाळू. हाताने दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतपत ओलं, जास्त नाही. मूळ फुटायला पाण्याइतकीच हवा लागते हे लोक विसरतात आणि रोज पाणी घालून घालून फांदी बुडवून मारतात.

चौथं, वरून दमटपणा. पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली मोठी बाटली उलटी घालून ठेवा आणि कुंडी उजेडात पण थेट उन्हात नाही अशी ठेवा. उन्हात ठेवली तर आत भट्टी होते, एका दुपारीत खेळ खलास. दिवसातून एकदा दोन मिनिटं उघडून हवा द्यायची.

कापायचं सकाळी, फांदी पाण्याने भरलेली असते तेव्हा. १० ते १५ सेंटीमीटर लांबी, खालचा काप पेराच्या लगेच खाली. कळ्या असतील तर सगळ्या खुडा, कितीही जीवावर आलं तरी. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या, प्रत्येक फांदीला. आणि एकदा लावलं की उपटून बघायचं नाही!! चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, फांदीने उलट ओढ दिली तर मूळ आहे.

पेरापेरात:

वर सांगितलंय ते सगळं बरोबर, मी फक्त "मूळ नव्हतं तर पानं आली कशी" याचं उत्तर देतो कारण ते कळलं की बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, आणि हाच प्रश्न दरवर्षी येतो.

फांदीत दोन गोष्टी आधीपासून तयार असतात, डोळे आणि साठवलेला स्टार्च. डोळा म्हणजे झोपलेला कोंब, त्याच्यात पानांची सुरुवात झालेलीच असते, त्याला फक्त पाणी आणि थोडी साखर मिळाली की तो उघडतो. पाणी कापलेल्या टोकातून लाकडातून आपोआप वर चढतं, फुलदाणीत फूल टिकतं तसंच. म्हणजे तुमची पानं जुन्या शिदोरीवर आली होती. मुळाचं मात्र तसं नाही. जास्वंदीच्या फांदीत मुळाचा तयार डोळा नसतो, तो नव्याने घडवावा लागतो, सालीच्या आत नलिकांच्या आसपासच्या पेशींनी आपलं जुनं काम सोडून पुन्हा विभागायला लागायचं आणि त्यातून मूळ तयार करायचं. याला आठवडे लागतात. (विलोसारख्या काही झाडांच्या फांदीत मुळांची सुरुवात आधीच दडलेली असते, म्हणून ती पाण्यात ठेवली की झटपट मुळं सोडतात, त्यांच्याशी तुलना करून खट्टू होऊ नका.) तर तुमच्या फांद्यांत कोंबाने शिदोरी खाल्ली, पानं उघडली, पानांतून पाणी उडायला लागलं, खालून ओढायला मूळ नाही, आणि खेळ संपला. ही शर्यत आहे, मूळ आधी की सुकणं-कुजणं आधी, आणि आपण जे काही करतो, पिशवी, सावली, अर्धं कापलेलं पान, ते सगळं मुळाला वेळ मिळवून देण्यासाठी.

ती पांढरट गाठ म्हणजे कॅलस. जखम भरायला तयार झालेला पेशींचा गोळा. लोकांना वाटतं कॅलस आला म्हणजे आता मूळ येणारच, पण तसं नाही, बऱ्याच झाडांत कॅलस आणि मूळ या दोन वेगळ्या घटना आहेत, फक्त दोघांना सारखीच परिस्थिती आवडते म्हणून त्या बरोबर दिसतात. तरी तुमच्यासाठी ती चांगली खूण आहे, त्या फांद्या जिवंत होत्या आणि प्रयत्न करत होत्या.

आता ऑक्सिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि खोडातून वरून खाली वाहत जातं. फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये ओटच्या कोंबाची टोकं कापून आगरच्या (जेलीसारखा पदार्थ) तुकड्यांवर ठेवली, मग तो नुसता आगर कापलेल्या कोंबावर ठेवला तर कोंब वाढला, म्हणजे टोकातून काहीतरी पाझरून आगरमध्ये उतरलं होतं. पुढे १९३५ पर्यंत कळलं की हेच द्रव्य, इंडोल ॲसेटिक ॲसिड, मुळंही फोडतं. आणि त्याच वर्षी त्याचं भावंड आयबीए, इंडोल ब्युटिरिक ॲसिड, मुळांसाठी वापरून बघितलं गेलं, जे जास्त टिकाऊ निघालं. तुमच्या पावडरीच्या डबीवर बहुधा तेच नाव असेल. पानं सगळी काढलीत म्हणजे ऑक्सिनचा आणि ताज्या साखरेचा झरा तुम्हीच बंद केलात, म्हणून वर दोन पानं ठेवायला सांगितलंय.

ऑक्सिन एकाच दिशेने जातं, म्हणून फांदी उलटी लावू नका. हे ऐकायला सोपं वाटतं पण पानं काढलेल्या काड्यांचा ढीग पुढ्यात असला की खरंच चूक होते. मी खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घेतो, मग प्रश्न येत नाही.

पावडर जाड थापायची नाही. अर्धपक्क्या काडीला साधारण १००० ते ३००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) पुरतं, पक्क्या लाकडाला त्याहून जास्त लागतं. टोक जरासं ओलं करून पावडरीला लावायचं आणि झटकायचं. जास्त झालं तर टोक जळतं, काळं पडतं, तेही तुमच्याकडे झालं असू शकतं. आणि काडी मातीत खुपसू नका, सगळी पावडर पुसली जाते, आधी पेन्सिलीने भोक करा.

मध आणि कोरफडीबद्दल, मध जंतूंना थोडा आळा घालतो, पण त्याच्यात मुळं फोडणारं ऑक्सिन नाही. दहा आठवडे हातात असताना मी दोन्हींवर विसंबणार नाही.

जुनी_फांदी:

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण मला नवल वाटतंय की अजून कुणी गुटी म्हणालं नाही! झाड उभं आहे, मुळं जिवंत आहेत, अडीच महिने आहेत, मग फांदी कापायची घाई कशाला? फांदी झाडावरच ठेवा, झाड तिला पाणी पाजत राहील आणि ती निवांत मुळं काढेल. छाट कलमात जी शर्यत वर सांगितलीय ती गुटीत जवळजवळ नाहीच.

ताई असं करा. पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी, उजेडातली फांदी घ्या (तुम्हाला आवडतात त्या जाड फांद्या इथे चालतील). शेंड्यापासून हात-दीड हात खाली, दोन पेरांच्या मधे, सालीचं कडं काढा, सव्वा ते अडीच सेंटीमीटर रुंद, फांदी जाड तर कडं रुंद. दोन गोल काप, एक उभा काप, आणि साल बांगडीसारखी निघते. मग आतलं पांढरं लाकूड चाकूच्या पाठीने खरवडा, तो बुळबुळीतपणा जाईपर्यंत. हे सोडू नका, त्या बुळबुळीत थराला कॅम्बियम म्हणतात, तो राहिला तर झाड खालची-वरची साल परत जोडून टाकतं आणि मुळं येतच नाहीत. माझ्या पहिल्या वर्षीच्या अर्ध्या गुट्या अशाच गेल्या, प्लास्टिक सोडलं तर आत छान भरलेली जखम.

कड्याच्या वरच्या कडेला थोडी पावडर लावा. वरच्या, खालच्या नाही. मग स्फॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारं सुकं शेवाळ) भिजवून, घट्ट पिळून, मूठभर सगळीकडून लावा, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकं घट्ट बांधा. उन्हाच्या बाजूने वरून कागद किंवा फॉइल गुंडाळा, आत तापू नये म्हणून. दर आठवड्याला बघा कोरडं पडतंय का. जास्वंदीला साधारण सहा ते आठ आठवडे. प्लास्टिकमधून मुळं दिसतात, आणि ती पहिल्यांदा दिसतात ना तेव्हा काय वाटतं ते मी लिहून सांगू शकत नाही.

कमीत कमी पाच करा. एकावर भरवसा ठेवू नका.

पेरापेरात:

जुनी_फांदी, अगदी बरोबर, मी लिहायला हवं होतं. आणि हे का चालतं तेही फार सुंदर आहे. पाणी लाकडातून वर जातं, पानांतली साखर आणि ऑक्सिन सालीच्या बाजूने खाली येतं. कडं काढलं की वर जाणारा रस्ता शाबूत आणि खाली येणारा बंद. मग वरून आलेलं सगळं त्या वरच्या कडेला तुंबतं, तिथेच कड फुगते आणि तिथूनच मुळं निघतात. मार्सेलो माल्पिघी यांनी १७व्या शतकातच सालीचं कडं काढून वरची कड फुगते हे पाहिलं होतं, ऑक्सिन हा शब्द यायच्या कितीतरी आधी. आणि अनेक भागांतले माळी त्याच्याही आधीपासून गुटी बांधत होते, त्यांनी झाडाकडे बघून हे ओळखलं होतं.

अंगणवेल:

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! डोळे भरून आले खरं सांगायचं तर. बुंध्याजवळ चार फुटवे आहेत, मी दर वेळी ते काढून टाकायचे, झाड नीटनेटकं दिसावं म्हणून. आता हात नाही लावणार. उद्या जाऊन गुट्या बांधते आणि दहा-बारा अर्धपक्क्या काड्याही लावते.

एक प्रश्न, जरा वेडा वाटेल. या फांदीतून जे झाड येईल ते आईचं झाड असेल, की त्याचं पिल्लू?

मातीचा_वास:

वेडा अजिबात नाही. पिल्लू नाही ताई, तेच झाड. पिल्लू बीतून येतं, त्यात दोन झाडांचा मेळ असतो, आणि तुमच्या डबल जास्वंदीची बी मिळाली असती तरी फूल असंच येईल याची खात्री नव्हती. फांदीतून येतं ते त्याच झाडाचं वाढत राहणं आहे, फक्त दुसऱ्या जागेवर. बी नसलेली नेव्हल संत्री जगात जिथे जिथे आहेत ती बहुतेक मुळात ब्राझीलमधल्या एका झाडातल्या बदलातून आली आणि कलमांवर कलमं करत पसरली. त्यातली कलमं १८७३ मध्ये कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला लागली आणि त्या मूळ कलमांतलं एक झाड अजून तिथे उभं आहे. बी नाही म्हणजे माणसाने फांदी पुढे दिली नसती तर ते कधीच संपलं असतं. तुम्ही तेच करताय.

हिरवाकाठ:

इथे एक छोटी भर घालते, कारण "तेच झाड" याला एक अपवाद मला स्वतःला चटका लावून गेलाय. माझ्याकडे पिवळ्या काठाचं सॅन्सेव्हेरिया (स्नेक प्लांट) होतं, त्याच्या पानाचे तुकडे करून लावले, सगळे छान फुटले, आणि एकालाही पिवळा काठ नाही! सगळी हिरवी. नंतर समजलं की तो काठ म्हणजे एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशींचे थर असतात, आणि पानाच्या तुकड्यातून नवा कोंब नव्याने घडतो तो हिरव्या पेशींतून, पिवळ्या काठाची मांडणी पुढे येतच नाही. काठ हवा असेल तर गड्डा फोडून वेगळं करावं लागतं, कारण तिथे तयार कोंब असतो. जास्वंदीत तुम्ही डोळ्यासकट फांदी घेताय म्हणून काळजी नाही, पण एकच फांदी वेगळ्या रंगाची फुलं देत असेल तर तिची गुटी बांधू नका, नेहमीची फुलं येणारीच फांदी निवडा.

आणि मातीचा_वास यांच्याशी एक छोटा मतभेद, मी जास्वंद पाण्यातसुद्धा लावते आणि मुळं येतात. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं आणि बाटली गडद रंगाची घ्यायची.

मातीचा_वास:

येतात, नाकारत नाही. पण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात आणि मातीत नेल्यावर बऱ्याचदा मोडतात किंवा अडखळतात, मग नवी मुळं यायला परत वेळ. ज्यांना पाण्यातच लावायचं त्यांनी मुळं बोटाच्या पेरापेक्षा लांब होऊ द्यायची नाहीत, छोटी असतानाच कुंडीत हलवायची. ताईंकडे वेळ मोजका आहे म्हणून मी थेट कोकोपीट म्हणालो. एक-दोन काड्या पाण्यात ठेवायला हरकत नाही, तेवढाच आणखी एक मार्ग.

अंगणवेल:

मंडळी, साडेसात आठवड्यांनी आलेय. पाच गुट्या बांधल्या होत्या. तिघींमध्ये मुळं दिसतायत, पांढरी, जाड, प्लास्टिकला चिकटून गोल फिरलेली! पहिली दिसली तेव्हा मी भावाला फोन करून नुसती "आली, आली" एवढंच म्हणत होते. एक कोरडी पडली, माझं जाणं चुकलं त्या आठवड्यात. एकीत साल परत जोडली गेली, जुनी_फांदी यांनी लिहिलं होतं अगदी तसंच, म्हणजे मी तिथे नीट खरवडलं नव्हतं. काड्या १२ लावल्या होत्या, ७ टिकल्या, त्यातल्या चार बुंध्याच्या फुटव्यांच्या आहेत आणि त्या चारही ओढल्यावर घट्ट लागतायत. वरच्या फांद्यांच्या आठपैकी तीनच राहिल्या. पाण्यातली कुजली.

आता गुट्या कापायच्या कशा? मॉस काढायचं का? आणि एका छोट्या काडीला कळी आलीय, इवलीशी, ती खुडावी लागेल का?

जुनी_फांदी:

ताई, अभिनंदन! आता घाई करू नका, मुळं पांढरी आहेत ती थोडी तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू दे, अजून आठ-दहा दिवस, तुमच्याकडे अडीच आठवडे आहेत. मग गुटीच्या लगेच खाली धारदार कात्रीने कापा. प्लास्टिक पूर्ण काढायचं, मॉस अजिबात सोडवायचं नाही, मुळं त्यात गुंतलेली असतात आणि ओढलं की तुटतात, तसंच्या तसं कुंडीत लावा, माती हलकी ठेवा, शेजारी काठी रोवून फांदी बांधा, म्हणजे वाऱ्याने हलून नाजूक मुळं मोडणार नाहीत. अर्धी पानं काढा. पहिले चार-पाच दिवस पानं लवतील, घाबरून पाणी ओतू नका, सावलीत ठेवा, वरून फवारा मारा, पिशवी घालता आली तर उत्तम. दोन-तीन आठवड्यांनी हळूहळू उन्हात. तिन्ही एकाच दिवशी कापू नका, एक आधी कापा, ती कशी वागते ते बघून बाकीच्या.

कळी खुडा. मुळांना जी साखर हवी ती फूल खाऊन टाकतं. झाड अजून उभं आहे ना तिथे, त्याच्यावरचं फूल बघून या तोवर.

अंगणवेल:

खुडली. पहिली गुटी पुढच्या रविवारी कापते, फोटो टाकते.